बायॉप्सीचा ब्लॉक घेऊन पुण्याच्या लॅबमध्ये : आयएचसी पॅकेजचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

लॅबचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण काउंटरशी आहे, आतल्या पॅथॉलॉजिस्ट (गाठीचे नमुने तपासणाऱ्या डॉक्टर) मॅडमशी नाही, आणि नाव लिहिलं की दोघंही एकाच मापात मोजले जातात. पण मूत्राशयाच्या कॅन्सरचा ब्लॉक हातात घेऊन जे कोणी असे फिरत असतील त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहितोय. जरा लांबेल, समजून घ्या.

आमचे अण्णा, वय ६९, इचलकरंजीत कापड रंगवायच्या एका प्रोसेसमध्ये कलर किचनला, म्हणजे रंग कालवायच्या खात्यात, ३० वर्षं काढली, आणि बिडी. मार्चमध्ये लघवीतून रक्त गेलं, दुखत काही नव्हतं म्हणून आठ दिवस सांगितलंच नाही, "बीट खाल्लं हुतं" म्हणाले. (न दुखता रक्त जाणं हेच या आजाराचं पहिलं लक्षण असतं आणि न दुखल्यामुळेच लोक घरी बसतात.) सोनोग्राफीत गाठ दिसली, कोल्हापुरात दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, म्हणजे टीयूआरबीटी. रिपोर्टमध्ये हाय ग्रेड (जोरात वाढणारा कॅन्सर), आतल्या अस्तराखालच्या थरापर्यंत गेलेला, आणि एक ओळ होती की नमुन्यात स्नायू मिळालेला नाही. त्या ओळीचा अर्थ असा की खाली किती खोल गेलाय ते कळलेलंच नाही, म्हणून परत खरवडायचं. दुसऱ्या वेळी स्नायूतही सापडला आणि पेट स्कॅनमध्ये ओटीपोटातल्या दोन लिम्फच्या गाठी आणि फुफ्फुसात एक ठिपका. किडनी थोडी कमजोर असल्यामुळे सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध झेपणार नाही म्हणाले. ऑन्कॉलॉजिस्टनी (कॅन्सरच्या डॉक्टरांनी) चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिले : पीडी-एल१, हर-टू. ही गाठीच्या पेशींवरची दोन प्रोटीनं, औषध ठरवायला बघतात. ती आयएचसीने बघतात, म्हणजे त्या प्रोटीनला चिकटणारं अँटिबॉडी घालून स्लाइडवर रंग चढवायचा. कोल्हापुरातून सॅम्पल पाठवता आलं असतं पण मी पुण्यात राहतो, म्हटलं स्वतःच नेऊन देतो.

तर आधी ब्लॉकबद्दल. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, काड्यापेटीपेक्षा लहान प्लॅस्टिकची जाळी आणि तिच्यावर पांढरट मेणाची वडी, मधे करड्या रंगाचे तीनचार कण. एवढंसं. हॉस्पिटलवाल्यांनी झिपच्या पिशवीत घालून दिला आणि "उन्हात ठेवू नका" एवढंच सांगितलं. मेण साठ अंशाच्या आसपास वितळतं, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर एप्रिलमध्ये काय होऊ शकतं ते तुम्हीच बघा. मी तो डब्याच्या पिशवीत थंड पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवला आणि एसटीत पूर्ण वेळ मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या काकूंना वाटलं प्रसाद आहे.

काउंटरवर गेल्यावर पहिली गोष्ट, पॅकेज. मी दोन टेस्टची चिठ्ठी दाखवली तर समोरचा पोरगा म्हणाला की सर सुट्टं करण्यापेक्षा ब्लॅडर पॅनेल घ्या, आठ मार्कर (म्हणजे आठ प्रोटीनं) आहेत, कॅन्सर कसा पसरतो ते सगळं कळतं, डॉक्टर नंतर मागतातच, मग परत ब्लॉक आणायचा त्रास. दोन टेस्टचे अकरा हजार होत होते, पॅनेलचे साडेएकवीस. त्या वेळी माणूस हिशोब करत नाही हो. बापाचा विषय आणि "सगळं कळतं" हे दोन शब्द, काढलं कार्ड.

दुसरी गोष्ट, ब्लॉक चार होते, ए१ ते ए४. पोराने ए१ घेतला आणि बाकीचे "लागणार नाहीत" म्हणून परत दिले, मी दुसऱ्या दिवशी ते कोल्हापूरला पाठवून मोकळा झालो. चौथ्या दिवशी फोन, ए१ मधले तुकडे जळलेले आहेत. टीयूआरबीटी विजेच्या तारेने करतात ना, त्यात कडेच्या पेशी भाजून निघतात आणि भाजलेल्या पेशींवर रंग नीट चढत नाही, खोटा चढतो किंवा चढतच नाही. कमी जळालेला ब्लॉक कुठला हे मूळ स्लाइड बघून ठरवायचं असतं, आणि मूळ स्लाइड काउंटरने मागितल्याच नव्हत्या. परत कुरियर, परत तीन दिवस. पाच दिवसांचा वायदा होता, रिपोर्ट अकराव्या दिवशी आला. एक स्टार इथे गेला. तुम्ही जाल तेव्हा सगळे ब्लॉक, सगळ्या स्लाइड आणि जुना रिपोर्ट एकत्रच न्या, काउंटर काहीही म्हणो.

आता रिपोर्ट. पासवर्डवाली पीडीएफ रात्री साडेदहाला आली. मी, बायको आणि फोनवर ताई, तिघं वाचायला बसलो. आठ ओळी, पुढे टक्के नाहीतर प्लस. आणि आम्हाला पहिला आनंद कशाचा झाला माहितीये? पी५३ : ० टक्के. ताई म्हणाली शून्य म्हणजे चांगलंच असणार, कॅन्सरचं प्रोटीन शून्य. अण्णांना लगेच फोन करून सांगितलं पण. ते म्हणाले, "मग शून्य हाय तर एवढं पैसं कशापायी भरलं?"

दुसऱ्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन लावला, वाटलं नव्हतं घेतील, पण घेतला आणि चांगली वीस मिनिटं बोलल्या. (हे दोन स्टार फक्त त्यांचे.) म्हणाल्या, पी५३ हे कॅन्सरचं प्रोटीन नाही, कॅन्सर अडवणारं आहे. पेशीच्या डीएनएत बिघाड झाला की हे तिला थांबवतं, दुरुस्त हो म्हणतं, नाही झाली तर मरायला लावतं. चांगल्या पेशीत ते थोडं तयार होतं आणि लगेच मोडलं जातं, म्हणून स्लाइडवर काही पेशी फिक्या तपकिरी, काही अजिबात नाही, असं ठिगळ-ठिगळ दिसायला पाहिजे. जीन बिघडलं की दोन गोष्टी होऊ शकतात, एक तर बिघडलेलं प्रोटीन मोडलं न जाता साठत राहतं आणि सगळ्या पेशी गडद होतात, नाहीतर प्रोटीन बनतच नाही आणि सगळं कोरं. कोरं म्हणजेही बिघाडच. अण्णांचं कोरं होतं. मी विचारलं की मग तुमचा रंगच चढला नसेल कशावरून? तर म्हणाल्या चांगला प्रश्न आहे, त्याच स्लाइडवर आजूबाजूला अण्णांच्या नॉर्मल पेशी आहेत, त्यांच्यात फिका रंग आलाय, म्हणजे रंग चालला, गाठीतच नाहीये.

हे सगळं रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहिता आलं असतं. "० टक्के, नल पॅटर्न, अॅबनॉर्मल" एवढं. तीन माणसं एक रात्र उगाच खूश झाली नसती. या बाबतीत मी अजून चिडलेलो आहे.

मग मी धीर करून बाकीचंही विचारून घेतलं. केआय-६७ ६० टक्के, म्हणजे शंभरातल्या साठ पेशी विभागणीच्या तयारीत, वाढीचा वेग. (हे नाव जर्मनीतल्या कील शहरावरून आणि प्लेटवरच्या ६७ नंबरच्या खणावरून पडलंय म्हणे, मॅडमनी जाता जाता सांगितलं, मला उगाच लक्षात राहिलं.) पण वेग म्हणजे पसरणं नाही. गाठ नुसती वाढली तर मूत्राशयाच्या आत फुलकोबीसारखी वाढत बसते, अशा गाठी खूप लोकांना होतात, खरवडतात, परत येतात, परत खरवडतात, माणूस वर्षानुवर्षं चालतोय. पसरायला वेगळी कामं करावी लागतात, आणि ते प्रत्येक काम कुठलं ना कुठलं प्रोटीन करतं किंवा करायचं सोडतं.

सगळ्यात आधी ई-कॅडहेरिन. हे पेशीच्या अंगावर बाहेर डोकावणारं प्रोटीन, शेजारच्या पेशीचं ई-कॅडहेरिन पकडून ठेवतं, आणि त्याला कॅल्शियम लागतं, नावातच ते आहे. स्लाइडवर ते पेशीच्या कडेने तपकिरी रेघेसारखं दिसतं, मॅडमनी दोन फोटो पाठवले, पहिल्या फोटोत गाठीचा मधला भाग होता, रेघा अगदी स्पष्ट, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. दुसऱ्यात गाठीची खालची कड, जिथे ती स्नायूत घुसली होती. तिथे जाळी तुटत तुटत गेलेली, रेघ अर्धी, मग नाही, आणि सगळ्यात पुढे तीनचार पेशी एकट्याच, निळ्या, कुणाचाच हात न धरलेल्या. एवढा वेळ मी टक्के वाचत होतो, तो फोटो बघून पोटात गोळा आला.

अण्णांना मोबाइलवर दाखवला. कापडात आयुष्य गेलेला माणूस, चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "शिवण उसवलीया की रं ही." मी मॅडमना नंतर हे सांगितलं, त्या म्हणाल्या मी विद्यार्थ्यांना यापेक्षा चांगलं सांगितलेलं नाही.

शिवण उसवली की पुढचं काम अस्तर कापायचं. पेशींच्या थराखाली एक पातळ पडदा असतो, त्यात चौथ्या प्रकारचं कोलॅजन असतं. ते कापणारी प्रोटीनं म्हणजे एमएमपी, त्यातली २ आणि ९ नंबरची या कामात पटाईत. आपल्या शरीरात ती एरवीही असतात, जखम भरताना जुनं कापून टाकायला लागतातच, कॅन्सर फक्त तीच कात्री उचलतो. मग स्नायू, मग लसिकावाहिन्या (लिम्फच्या नळ्या), मग ओटीपोटातल्या लिम्फच्या गाठी, तिथून फुफ्फुस, हाडं, लिव्हर. एमएमपी आमच्या पॅनेलमध्ये नव्हतंच, आणि मॅडमच्या मते असून उपयोगही नव्हता, संशोधनात खूप मोजतात पण त्यावरून आज कुणाचं औषध ठरत नाही.

इथे मी विचारलंच, मग ई-कॅडहेरिनवरून तरी ठरतं का? नाही म्हणाल्या. एका वेगळ्या प्रकारात, प्लाझ्मासायटॉइड म्हणतात, त्यात ते पूर्ण गायब असतं आणि पेशी सुट्या सुट्या पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरत जातात, तिथे निदान पक्कं करायला त्याची मदत होते. अण्णांचा तो प्रकार नाही. केआय-६७ने काही बदलत नाही. पी५३ने आज काही बदलत नाही. जीएटीए-३ हे गाठ मूत्राशयाच्याच पेशींची आहे हे सांगायला असतं, प्रोस्टेटची गाठ वर घुसली असेल अशी शंका असली तर कामाचं, पण ती शंका कोल्हापूरच्या रिपोर्टमध्ये नव्हतीच. सीके-२० आणि पी६३चंही तसंच. म्हणजे आठातली सहा प्रोटीनं ही आमच्या माहितीसाठी. साडेदहा हजारांची माहिती. आणि हे लॅबच्याच मॅडम सांगतायत, काउंटरवर तेच "डॉक्टर नंतर मागतातच" होतं. दुसरा स्टार इथे गेला.

उरली दोन, ज्यासाठी गेलो होतो ती.

पीडी-एल१. हे पेशीच्या अंगावर असलं की शरीराचे टी-सेल नावाचे शिपाई येतात, त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा खटका असतो, तो दाबला जातो आणि शिपाई हात खाली करतो. मुळात ही सोय आपल्याच चांगल्या पेशी मारल्या जाऊ नयेत म्हणून आहे, कॅन्सर तिचा गैरफायदा घेतो, म्हणजे चोरानेच सोसायटीच्या वॉचमनचा ड्रेस घालायचा. पीडी-१ शोधणारे जपानचे होंजो, त्यांना २०१८चं नोबेल मिळालं, त्यांच्याबरोबर अमेरिकेचे अॅलिसन होते. इम्युनोथेरपीची औषधं हा खटका दाबूच देत नाहीत. आमचा आकडा आला सीपीएस १५. हे टक्के नाहीत बरं का, आम्ही टक्के समजलो होतो. पीडी-एल१ असलेल्या कॅन्सरच्या पेशी, अधिक तसल्याच लिंफोसाइट आणि मॅक्रोफेज (शरीराच्या बचावाच्या पेशी), भागिले कॅन्सरच्या एकूण जिवंत पेशी, गुणिले शंभर. माणूस डोळ्याने मोजतो, निदान शंभर जिवंत पेशी मिळाल्या पाहिजेत, म्हणूनच जळका ए१ चालला नसता. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्यांसाठी १० किंवा वर ही रेषा धरतात, म्हणजे आम्ही रेषेच्या वर.

आणि इथेच लॅबचा खरा गोंधळ. रिपोर्ट घेऊन कोल्हापूरला गेलो, ऑन्कॉलॉजिस्टनी कागद उलटापालटा केला आणि विचारलं, क्लोन कुठला? मला वाटलं मलाच विचारतायत. पीडी-एल१ शोधायला जे अँटिबॉडी वापरतात त्याचे चारपाच प्रकार आहेत, २२सी३, एसपी१४२, एसपी२६३ असे, प्रत्येकाची मोजायची पद्धत वेगळी आणि वेगवेगळ्या औषधांबरोबर तपासलेली. १० ची रेषा २२सी३ची आहे. क्लोन न लिहिता १५ लिहिणं म्हणजे रुपये का डॉलर न सांगता १५ म्हणणं. लॅबला फोन, ईमेल, परत फोन, "टेक्निकल टीमला विचारतो", दीड दिवसाने सुधारलेला रिपोर्ट आला, २२सी३च होता. अण्णा तेवढा वेळ माझ्या आत्याकडे थांबले, तिच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन उलट खूश होते, पण प्रत्येकाची आत्या कोल्हापुरात नसते.

हर-टू टू प्लस आलं (शून्य ते थ्री प्लस असं मोजतात), म्हणजे ना धड हो ना नाही. लॅबने लगेच मेसेज टाकला की फिश टेस्ट (हर-टूच्या जीनच्या किती प्रती आहेत ते बघणारी) करून घ्या, एवढे एवढे पैसे. ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाले नको, ज्या औषधासाठी बघत होतो ते थ्री प्लसवाल्यांना देतात, पुढे गरज पडली तर बघू, ब्लॉक जपून ठेवा. माझा या बाबतीतला धडा घेऊन झाला होता, मी मेसेज डिलीट केला.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात मला भारी वाटली. नेक्टिन-४ नावाचं एक प्रोटीन असतं, तेही पेशींना चिकटवणाऱ्यांपैकीच, आणि मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये ते बहुतेकांच्या गाठीवर भरपूर असतं, इतकं की औषध द्यायच्या आधी त्याची टेस्टच करत नाहीत. एन्फोर्टुमॅब म्हणून औषध आहे, ते नेक्टिन-४ला पकडतं आणि पेशीच्या आत जाऊन विष सोडतं. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाबरोबर दिलं तेव्हा, २०२३ मध्ये समोर आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये निम्मे पेशंट साडेएकतीस महिन्यांपेक्षा जास्त जगले, नेहमीच्या केमोवाल्यांमध्ये हाच आकडा सोळा. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं, मग त्याची किंमत सांगितली, मग आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायला लागलो. म्हणून तर पीडी-एल१ बघायचं होतं, नुसत्या इम्युनोथेरपीवर चालेल का ते ठरवायला. ते चालू केलंय, दर तीन आठवड्यांनी. दोन डोस झाले. थकवा आहे, अंगाला खाज आहे, बाकी जेवतायत.

लॅबचं चांगलं काय ते पण लिहितो, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. स्टेनिंग स्वच्छ होतं, कोल्हापूरच्या पॅथॉलॉजिस्टनी स्लाइड बघून तसं सांगितलं. फोटो मागितल्यावर दिले, पैसे न घेता. मॅडम फोन घेतात, आणि "हे मला माहीत नाही, ऑन्कॉलॉजिस्टना विचारा" असं सरळ म्हणतात. जागा स्वच्छ, एसी, पार्किंगची बोंब. रिपोर्ट मराठीत मागितला तर पोरगा हसला, त्याला मी माफ केलंय. पॅकेजच्या फरकाचे पैसे परत मागितले तेव्हा "टेस्ट झालेली आहे सर" हे उत्तर आलं, ते नियमाने बरोबरच आहे.

जायचं असेल तर जा, पण चिठ्ठीवर जे लिहिलंय तेवढंच करा, पीडी-एल१चा क्लोन डॉक्टरांना आधी विचारून काउंटरवर लिहून द्या, आणि रिपोर्ट रात्री साडेदहाला आला तर उघडू नका.

ब्लॉक परत मिळायला पंधरा दिवस लागले, तोही मीच जाऊन आणला. ए३ आता आमच्या कपाटात खालच्या खणात आहे, सातबाऱ्याच्या पिशवीत, कारण अण्णा म्हणाले घरातले महत्त्वाचे कागद तिथेच असतात.